मास्कला मिशी होती, मामाला नव्हती

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. मामा आत ड्रिप लावून बसलाय, आत एकाच नातेवाइकाला सोडतात आणि ती खुर्ची मामीने पटकावलीय. मी बाहेर बाकावर. एवढं सगळं पोटात ठेवून बसले तर मलाच ॲडमिट करावं लागेल. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

तर माझा मामा. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचे सौदे जुळवतो. एकीकडे बागवाला, दुसरीकडे व्यापारी, मध्ये मामा. दोघांशी असा काही बोलतो की दोघांनाही वाटतं आपणच जिंकलो. त्याचं दुकान म्हणजे त्याची जीभ, बाकी काही नाही.

काही वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, गोळ्या झाल्या आणि मामा ठणठणीत होऊन परत बागांमधून फिरायला लागला. आम्ही तर विसरूनच गेलो होतो. मग यंदा दिवाळीनंतर आमच्याकडे, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर, जेवायला आला आणि आईला म्हणाला, "अक्का, जरा ते दे ना. ते. ते गं." बोट चमच्याकडे. आईला वाटलं गंमत करतोय, तिने मुद्दाम मिठाची बरणी दिली. मामाने बरणी हातात घेतली आणि नुसता बघत राहिला. मग कोणीच हसलं नाही.

गाठ परत आली होती. तीही बोलण्याच्या जागेला खेटून.

डॉक्टर म्हणाले, परत कापायला गेलो तर बोलण्यालाच धक्का लागू शकतो. त्यापेक्षा दोन गोष्टी एकत्र करू. एक म्हणजे फक्त गाठीवर नेम धरून किरणं, आजूबाजूच्या भागाला शक्य तितकं वाचवत. दुसरी म्हणजे इम्युनोथेरपीची ड्रिप. गाठ आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगवून ठेवते, हे औषध त्यांना जागं करतं. किरणांनी गाठ फुटायला लागली की तिची ओळखही पटते, म्हणून दोन्ही जवळजवळ द्यायचं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मामाने जरा विचार केला. "म्हंजे घरात चोर शिरलाय आन् आपलीच कुत्री त्याच्यासमोर शेपूट हलवित्यात. तुम्ही चोराच्या तोंडावर बॅटरी मारनार आन् कुत्र्यांच्या कंबरड्यात लाथ घालनार."

डॉक्टर म्हणाले, "लाथ सोडली तर बरोबर."

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाला, "भाचीबाई, हात लुळा पडला तरी चालंल. बोलनं नको जायला." आणि लगेच चहाच्या टपरीवाल्याशी गप्पा ठोकायला लागला, मध्ये दोन शब्द अडकले तरी.

मग झाला मास्क. पहिल्या वेळीही होता, पण तेव्हा ऑपरेशनसाठी डोकं आधीच भादरलेलं होतं. आता मामाचे केस परत आलेले, चांगले दाट, आणि खाली त्याची ती झुबकेदार मिशी. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ताणून बसवतात, गार झाली की झाला तुमच्या तोंडाचा साचा. किरणं देताना तो टेबलाला पक्का अडकवतात, म्हणजे डोकं जरासुद्धा हलत नाही. तो घालूनच स्कॅन काढतात आणि त्यावर सगळा हिशेब बसवतात. तिथली टेक्निशियन ताई बजावून म्हणाली, "काका, किरणं संपेपर्यंत केस, दाढी, मिशी, सगळं आहे तसंच ठेवायचं हं."

मामा म्हणाला, "आता या वयात कुठं फ्याशन करू?"

पहिली ड्रिप झाली. पुढच्या सोमवारी किरणं सुरू होणार होती. आणि नेमके त्याच आठवड्यात मामाच्या भावकीतले एक आजोबा गेले. नव्वदी ओलांडलेले, शेवटपर्यंत भाकरी कुस्करून खाणारे, त्यामुळे रडारड बेताची होती. त्यांचा दहावा त्या सोमवारनंतरच्या रविवारी येत होता, म्हणजे मामाच्या किरणांच्या मध्यावर. पण त्यांच्या नातवांना तोवर सुट्टी नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून तो आदल्याच रविवारी गोदावरीच्या घाटावर उरकायचं ठरवलं. आमच्या घरात सगळ्यांना हायसं वाटलं. रविवारी क्रिया, सोमवारी किरणं, कशात काही अडकायला नको.

रविवारी मी घरी होते. आई आणि मामी घाटावर बायकांच्या बाजूला होत्या. संध्याकाळी मामा थेट पिंपळगावला गेला आणि सोमवारी सकाळी टोपी घालून हॉस्पिटलमध्ये हजर. टोपी तो नेहमीच घालतो. पण टोपीखालचा चेहरा बघून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि काय ते कळायला लागली चांगली दोन मिनिटं. मिशी नव्हती.

ताईने आत नेताना टोपी काढायला सांगितली. खाली चकाचक टक्कल.

"काका, हे काय केलंत?"

"क्रिया व्हती."

"मी केस कापू नका म्हटलं होतं ना?"

मामाला खरंच कळेना. "केस कुठं कापले? ते क्रियेतलं हाय. म्हातारं मोठं, आम्ही ल्हान, द्यावेच लागत्यात."

मामी दारातूनच म्हणाली, "अहो, भाऊबंद म्हणत होते ना, तुम्ही आजारी, तुम्हाला माफ. मिशीचं एक टोक कापून भागलं असतं."

"टोकावर भागवायला मी काय परक्या घरचा जावई हाय का?"

ताईने मास्क लावून बघितला. डोक्यावर तो डुगडुगत होता, तिचं बोट आरामात आत गेलं. आणि ओठाच्या वर जाळीला झुबकेदार फुगवटा, आत मोकळी हवा. मास्कला मिशी होती, मामाला नव्हती. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण ताई हसत नव्हती. असं हलत्या डोक्यावर किरणं देताच येणार नाहीत, म्हणाली. गाठ एका बाजूला आणि बोलण्याची जागा तिला चिकटून, जरा सरकलं तरी चालणार नाही. नवा मास्क, नवा स्कॅन, हिशेब पहिल्यापासून.

मामा बाहेर बाकावर येऊन बसला. टोपी हातात. "हुकलं का गं? ड्रिप तर घेऊन बसलो. कुत्री जागी झाली आन् आता... ते... ते..." बॅटरी हा शब्द त्याला सापडेना. त्याचाच शब्द. मी सांगायला तोंड उघडलं तर आईने माझा हात दाबला. मामा शोधत राहिला आणि शेवटी गप्प बसला. मामाला असं गप्प मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टर आले. त्यांनी मामाच्या डोक्याकडे बघितलं, मामीकडे बघितलं. मामी घाईघाईने म्हणाली, "आता घरात कोणी म्हातारं नाही राहिलं, डॉक्टर." डॉक्टर इतके हसले की मामासुद्धा हसला. म्हणाले, थोडं पुढे गेल्याने गाडी चुकत नाही, पण आता अजून लांबवायचं नाही. दुपारीच नवा मास्क केला. टकलावर तो असा घट्ट बसला की ताई म्हणाली, "काका, हे आधीच करून यायला हवं होतं." सगळी टीम हिशेबाला बसली आणि गुरुवारी मामा मशीनखाली. बाहेर आला तेव्हा कपाळभर जाळीची नक्षी, वेफर्ससारखी.

ते झालं. मग आणखी ड्रिप झाल्या. एकदा अंगावर बारीक पुरळ आलं, तेव्हा आम्ही घाबरलो, पण ते औषधाने गेलं. आणि आज सकाळी नवा स्कॅन दाखवला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. म्हणाले, या उपचारात मधेच सूज येऊन गाठ मोठी दिसू शकते, म्हणून त्यांनी घाई न करता वाट बघितली. आता ती आकसलेली दिसतेय. पूर्ण गेली असं नाही, अजून बघत राहायचं.

मामाने विचारलं, "डॉक्टर, आकसली म्हंजे किती, बाजारात सांगता येईल असं सांगा." एका दमात. एकही शब्द न अडकता. डॉक्टर म्हणाले, "वाक्य ऐकलंत ना तुमचं? एवढं." आईने पदर डोळ्याला लावला आणि वर म्हणते कशी, एसीचा वारा लागतोय.

आता आतून मामाचा आवाज येतोय, शेजारच्या पेशंटला सांगतोय की द्राक्ष कधी तोडायची. नर्स त्याला गप्प बसवतेय आणि तो बसत नाहीये.

तुमच्याकडे झालंय का असं कधी? डॉक्टरांनी काहीतरी करू नका म्हणून बजावलेलं, घरच्यांनीही मान डोलावलेली, आणि मग घरातल्याच एखाद्या रीतीभातीत कोणी ते नेमकं करून बसलेलं, कारण रीतीत केलेलं त्या मनाईत मोजायचंच नसतं असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं?