खडकीच्या टॉकीजातलं वगळलेलं रीळ

जायचं ठरलं ते आमच्या क्वार्टरच्या जिन्यात, हातात धुण्याची बादली असताना.

नात म्हणते, आजी, प्रवासाच्या ब्लॉगवर लोक लडाखचं लिहितात, तू काय पिंपरी ते खडकीचं लिहितेस? लिहिते. अंतर पाच-सहा मैलांचं, गेले-आले एका दिवसात. पण मी त्यानंतर चार धाम केले तरी आठवणीत पहिला नंबर त्याच रविवारचा आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पिंपरीला कारखान्याच्या कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर तंकम्मा राहायची. केरळची, कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायची. त्या दिवशी ती जिन्यात बसूनच राहिली होती, मांडीवर पत्र.

"ताई, रविवारी माझ्याबरोबर सिनेमाला चल."

मला हसू आलं. मी वर्षातून एक सिनेमा बघणारी, तोही देवाचा. "कुठला गं?"

"आमचा. मलयाळम. खडकीला सकाळी नऊचा शो, एकच दिवस. त्यात माझी अम्मची आहे."

अम्मची म्हणजे तिची आई. ती मागल्या पावसाळ्यात गेली होती. तार आली तेव्हा तंकम्माची पोरगी तापाने फणफणलेली. गाडीत दोन रात्री आणि वर एक दिवस काढून पोचेपर्यंत माती झाली असती. ती गेलीच नाही. आता भावाने कळवलं होतं: गावच्या घाटावर सिनेमावाले आले होते, बायकांना म्हणाले, रोज करता तेच करा. अम्मचीने त्यांच्यासमोर भांडी घासली आणि त्यांच्याकडची खीर खाऊन घरी आली. मग दोन महिन्यांत गेली. तंकम्माकडे तिचा एकच फोटो, लग्नातला, त्यात अम्मचीचं तोंड कुणाच्या तरी खांद्याआड.

"तुझे मिस्टर?"

"फर्स्ट शिफ्ट. आणि ते म्हणतात, भांडी घासताना बघायला तिकीट कशाला."

आमच्या ह्यांचंही वेगळं नव्हतं. "भाषा कळत नाही तर काय बघणार?" मी म्हटलं, काशीला गेलात तर पुजारी काय म्हणतो ते तुम्हाला कळणार आहे का?

रविवारी नेमकी संकष्टी. मी चिंचवडच्या देवळाकडे तोंड करून घरूनच हात जोडले, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेतली. तंकम्माने तिची चर्चची प्रार्थना चुकवली होती. रस्ताभर ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. पिंपरी स्टेशनवरून लोकल. कासारवाडी, दापोडी. दापोडीच्या पुलावरून खाली नदी दिसली, बायका खडकावर कपडे आपटत होत्या. तंकम्मा खिडकीला चिकटली.

"आमचा घाट असाच. फक्त पाणी हिरवं. आणि वर नारळ. आणि..." मग म्हणाली, "असा नाहीच."

(आता जायचं असेल तर मेट्रो आहे. पण पुलावरून खाली बघायला लोकलची खिडकी बरी, आणि तिकीटही कमी.)

टॉकीजच्या आवारात मी एवढे मल्याळी लोक एका जागी प्रथमच पाहिले. वेल्डर, टायपिस्ट, नर्सेस, मिलिटरीतले. सगळे एकमेकांना तालुका विचारत होते. त्यांच्या असोसिएशनने सकाळचा शो भाड्याने घेतला होता. सेक्रेटरी नायर घामाघूम होऊन धावत होते. बाहेर दोन बायका केळ्याचे वेफर्स विकत होत्या. मी विचारलं, उपासाला चालतील का, तेल कसलं?

"खोबरेल."

"म्हणजे केसांना लावतात ते?"

"ताई," तंकम्मा म्हणाली, "आमच्याकडे ते केसांना उरलं तर लावतात."

खाल्ले. देवाने माफ केलं असावं, कारण अजून ती चव आठवते.

सिनेमा सुरू झाला आणि मी पहिली दहा मिनिटं गाण्याची वाट बघत राहिले. गाणं आलं नाही. एक मोठं घर, ओटीवर पुरुष बसून बोलताहेत. तंकम्मा कानात सांगे: "न्यायाबद्दल बोलतात. जमीन कसणाऱ्याची पाहिजे, असं." आणि त्या बोलण्यामागे सारखा एक आवाज: आत कुणीतरी तांदूळ धुतंय. घरातली धाकटी विधवा सून. पुरुष न्यायाबद्दल बोलतात, ती त्यांना पाणी देते; ते वाद घालतात, ती उष्टी काढते. सगळे जेवून उठले, मग ती बसली, आणि कॅमेरा तिच्या पानावर थांबला. पानात भात आणि मीठ. कुणी रडलं नाही, मागे सारंगी वाजली नाही. मला वाटलं, आता पुढे जातील. गेले नाहीत. तिने पहिला घास घेईपर्यंत थांबले. आमच्या बायकांच्या जेवणाकडे इतका वेळ कुणी बघितलेलं मला माहीत नव्हतं.

तंकम्मा मात्र सिनेमा बघतच नव्हती. पाणी दिसलं की पुढे सरकायची, पाणी गेलं की मागे टेकायची.

सिनेमा संपला. दिवे लागले. लोक उठले. ती बसूनच.

"कापलं," ती म्हणाली. "म्हातारी भांडी घासते, कोण ठेवणार? चल ताई."

"थांब," मी म्हटलं. "त्या सुनेचा हंडा आठवतो? पितळी. पाण्याला निघाली तेव्हा गुळगुळीत होता. घरात शिरली तेव्हा कुशीला हा एवढा पोचा. मधे काहीतरी झालंय, ते आपल्याला दाखवलंच नाही."

"हंडा कोण बघतं?"

"मी बघते. हंड्याला पोचा कुठे पडला हे दाखवल्याशिवाय हा सिनेमा काढणारा गप्प बसणार नाही. मीठ दाखवणारा माणूस आहे तो."

आम्ही नायरांना गाठलं. आधी ते नाही-नाही म्हणाले, मग मान खाली घातली. मागच्या महिन्यात शो लांबला म्हणून मालकाने तमाशा केला होता, बाराला मॅटिनी. म्हणून यावेळी त्यांनीच ऑपरेटरला एक रीळ वगळायला सांगितलं होतं.

"कुठलं?"

"नऊ नंबर. त्यात काही घडत नाही हो. बायका नुसत्या घाटावर भांडी घासतात."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. तंकम्मा मलयाळममध्ये दोनच वाक्यं बोलली असेल. नायरांनी कपाळाला हात लावला आणि आमच्या आधी जिना चढले.

वर ऑपरेटर हमीदचाचा मॅटिनीची रिळं लावत होते. "बायकांना आत नाही येऊ देत, ताई."

"पडद्यावर चालतात, खोलीत चालत नाहीत होय?"

ते हसले. सगळं ऐकल्यावर हसू गेलं. पडद्यावर लावता येणार नाही, म्हणाले, वीस मिनिटांवर शो आलाय. पण नऊ नंबरचा डबा काढला, रीळ टेबलावर चढवलं, खाली दिवा पेटवला आणि हातात भिंग दिलं. "मी शनिवारी क्लबवाल्यांची परदेशी पिक्चरं चालवतो. जपानी, रशियन, सगळी. भाषा एक कळत नाही. पण जिथे काही घडत नाही ना, तिथेच डोळे भरतात माझे. नायरसाब, मला विचारायचं होतं."

पट्टी सरकू लागली. नखाएवढी चित्रं. घाट, पाणी, बायकांची एक रांग, सगळ्यांची पाठ आपल्याकडे.

"ती," तंकम्मा म्हणाली. "पांढरं नेसलेली, मागे निऱ्यांचा पंखा. अम्मची असंच नेसायची." मग भिंग तिच्या हातात थांबलं. "नाही. ही नाही. ही उजव्या हाताने घासते. माझी अम्मची डावखुरी."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. एवढा जिना चढून हे.

चाचांनी वाकून बघितलं. "चकचकीत बाजू तुमच्याकडे आलीय, बहेनजी, चित्र उलटं दिसतंय. पलटवा."

त्यांनीच पट्टी पलटवली.

डावा हात.

मग चाचा हळूहळू सरकवत गेले. सून पायऱ्या उतरते. पाय घसरतो. हंडा सुटतो, पायरीवर आपटतो. रांगेतल्या बाकीच्या बायका सिनेमावाल्यांनी सांगितल्याप्रमाणे घासतच राहिल्या. एकटी अम्मची वळली. हंडा पडल्यावर घरची बाई बघणारच. पाच-सहा चित्रांत तिचं तोंड होतं, भुवया वर, ओठ काहीतरी बोलायला उघडलेले.

तंकम्मा रडली नाही. तिने त्या पाच-सहा चित्रांवर भिंग पुढे-मागे नेलं, परत पुढे-मागे. आई वळत होती, परत वळत होती.

चाचांनी कात्री उचलली. "एक तुकडा देतो. कुणाला कळणार नाही."

मी मनात म्हटलं, घे. तंकम्माने कात्रीवर हात ठेवला. "कापू नका. पुढच्या गावी बघू देत तिला."

त्याऐवजी तिने कागद मागितला. रिळांची पेटी दुपारच्या गाडीने पुढे जाणार होती. तिने मलयाळममध्ये लिहिलं, नायरांनी इंग्रजीत, मी मराठीत: 'हे रीळ वगळू नये.' चाचांनी चिठ्ठी डब्याच्या झाकणाला खळीने चिकटवली.

परतीच्या गाडीत दापोडीचा पूल आला तेव्हा ती खिडकीकडे गेली नाही. माझ्या डब्यातली गार खिचडी खात होती. संध्याकाळी मी चंद्र उगवायची वाट बघत मोदक वळले. दोन वर पाठवले.

खर्च फार झाला नाही. त्या रविवारी माझं काय झालं ते मात्र सांगते. माझ्या आईचा एकही फोटो नाही. ती चाकणच्या बाजारात भाजी विकायची. तिच्यासमोर कुणी कॅमेरा धरला नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तेव्हापासून कुठल्याही देशाचा सिनेमा असो, मी मागच्या बायकांकडे बघते. पुढे क्लबात जाऊन जपानी बघितले, बंगाली बघितले. बाजार आला की पुढे सरकते.

तंकम्मा रिटायर होऊन गावी गेली. ऐंशी ओलांडली. गेल्या महिन्यात तिच्याच सांगण्यावरून माझ्या नातीने तो सिनेमा फोनवर शोधून काढला. रंग उडालेला, पण तोच. भातावरचं मीठ तसंच. सून हंडा घेऊन निघाली. पुढच्या क्षणी घरात शिरली, हंड्याला पोचा.

मी दोन दिवस फोन केला नाही. मग केला.

"मिळाला?" तिने विचारलं.

"मिळाला."

"हंडा?"

"पोचलेलाच एकदम."

मग ती म्हणाली, "पण तू होतीस ना, ताई. तू बघितलंस. कुठल्या हाताने घासत होती?"

"डाव्या," मी म्हटलं. "डाव्याच हाताने. आणि हंडा पडला तेव्हा वळून बघितलं."