अंधारीच्या पुरातलं पाकीट

तेवीस वर्षं मी टपालाची सेवा केली आणि माझ्या हातून एकाही पत्राला कधी डाग लागला नाही. हे वाक्य माझ्या निरोपसमारंभाच्या मानपत्रात आहे. मानपत्र मीच लिहून दिलं होतं. सरपंचांनी फक्त वाचलं, तेही अडखळत. एक गोष्ट मात्र मी त्यात घातली नाही. ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलाही नाही, आणि परात तर तिचीच होती.

सेवा हा शब्दही जरा मोठाच. पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. शाळेच्या पडवीत एक टेबल, एक तराजू आणि एक शिक्का — हेच पोस्ट, आणि मीच पोस्टमास्तर. तिकिटं जमवायचा नाद तिथेच लागला. चिमटा, भिंग, नागपुराहून मागवलेली जाड वही. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, पण माझ्या वहीत त्यांचे राजे अजून रांगेने बसलेले होते. ती वही पाहायला गावात कुणी येत नसे. तरी मी स्वतःला संग्राहक म्हणवून घेई. दुसरं काय होतं माझ्याकडे?

आणि सोमाजीकडे काय होतं? पत्र्याची एक पेटी. सोमाजी आमचा हरकारा — डाकेचा थैला खांद्यावर टाकून जंगलातून पायी आणायचा. त्याचा बापही हरकाराच होता. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, संपली तेव्हा मालगुजारांच्या घरातून जुन्या कागदांची पोती बाहेर पडली. लोकांनी चुली पेटवायला नेली. सोमाजीने त्यातली पाकिटं तेवढी वेचून ठेवली. कारण ती त्याच्या बापाने वाहून आणलेली होती. बापाचा फोटो नव्हता. पाकिटं होती. त्याला अक्षर वाचता येत नसे, पण एकेक पाकीट ओळखायचा. एकावर मोठा तपकिरी डाग होता.

"हे अंधारीच्या पुरातलं, गुरुजी. बा थैला डोस्क्यावर घेऊन पोहला. येवढं एकच भिजलं, बाकी सारे कोरडे."

मी हसायचो. तिकीट सोडून पाकीट जमवायचं म्हणजे तांदूळ टाकून भाताची तणस साठवायची. हसत होतो तोवर सगळं ठीक होतं.

मग टपालाचे एक साहेब तपासणीला आले. माझी वही टेबलावर सहज पडलेली होती — सकाळपासून सहज पडलेली होती. साहेबांनी चहा संपेपर्यंत तिची पानं उलटली. चहा अर्धा कप होता. नंतर त्यांनी पडवीच्या कोपऱ्यातली सोमाजीची पेटी उघडून पाहिली, आणि ते खाली बसले. जमिनीवर. साहेब जमिनीवर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता. ते तासभर उठले नाहीत. सोमाजीची निघायची वेळ झाली, तो थैला घेऊन गेला, तरी बसलेच होते.

"तिकिटं कुणाकडेही असतात, मास्तर," जाताना ते मला म्हणाले. "पण हे टपाल कुठून, कसं आलं, ते या शिक्क्यांवर आहे, या डागावर आहे. चांद्याला टपालाचं प्रदर्शन भरतंय, त्यात हीच मांडू. त्यांना सांगा, पाकिटं आहेत तशीच आणा."

त्यांना सांगा. कुणी सांगायचं — मी?

मत्सराने माणूस जळतो म्हणतात. माझं काही जळलं नाही. मी रात्री नीट जेवलो, नीट झोपलो, आणि सकाळी सोमाजीला सांगितलं — हो, हेच ते — "साहेब म्हणाले, प्रदर्शनात नुसती तिकिटं लागतात. पाकिटं पाण्यात भिजवा, तिकिटं सुटतील."

"अन् बाचा डाग?"

"डाग कोण पाहतो, सोमाभाऊ?"

एरवी मी त्याला नुसतं सोमाजी म्हणायचो. त्या दिवशी भाऊ म्हणालो.

त्याने पसरट भांडं मागितलं. परात मीच आणून दिली. मला थांबवता आलं असतं का? पहिलं पाकीट पाण्यात पडलं तेव्हाही आलं असतं. दहावं पडलं तेव्हाही. मी पडवीत उभा राहून पाहत होतो. पाणी आधी निळसर झालं, मग निळं.

त्याने पाकिटं वाळायला तणसीवर मांडली. दुपारी बोलावलं.

"गुरुजी, तुमी वाचून सांगा ना. अंधारीतलं कोन्तं हाये?"

शाई वाहून गेली होती, शिक्के पुसले होते. आणि डाग — आता सगळ्याच पाकिटांवर पाण्याचे डाग होते. तो एकेक उचलून उन्हात धरत होता, खाली ठेवत होता, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणालो, "सांगता येत नाही." त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खरं.

तो चांद्याला गेला नाही. "तिकिटंच पाहाची असन तं तुमची वही हायेच," म्हणाला. सुटलेली तिकिटं त्याने रुमालात बांधून माझ्या टेबलावर ठेवली. "मले काऊन पाहिजेत? तुमाले कामी येतीन."

मी ती वहीशी ताडून पाहिली. सगळी माझ्याकडे आधीच होती.