मांडवीचा साहेब आणि मधाची नावं

रत्नागिरीला मध न्यायचा तर वैशाखात न्या, आणि उजाडताच घर सोडा. उशीर केलात तर कातळ असा तापतो की वहाणेतूनही पाय भाजतात. मी तिसरीत शाळा सोडली, लिहिण्यात चुका असतील, पण वाट नीट सांगते.

काकी आणि मी हातखंब्यापर्यंत चाललो. तिथून मोटर, माणशी चार आणे. डबा मांडीवर घ्या, म्हणजे त्याचं भाडं पडत नाही. मागे बसू नका, तांबडी धूळ तोंडात जाते.

बाजारात वाणी म्हणाला, "मांडवीला बंगल्यात गोरा उतरलाय. त्याला मध हवा."

"त्याला आमचाच मध कशाला?" काकी पुटपुटली. तरी गेलो. समुद्राकाठी सावलीत भाकरी-सुकट खाल्ली, मग बंगला गाठला.

साहेब पुस्तकातलं मराठी बोलायचा. मध चाखला आणि वही काढली. "माझी आई लिथुआनियाची. ती याला मेदुस म्हणते. वडील जर्मन, त्यांच्यात मेट म्हणजे मधाची दारू. स्वीडनात म्योद, इंग्रजांत मीड, तीही दारूच. शब्द एकच. कुठे गोड राहिला, कुठे आंबला. तुमच्याकडे करतात मधाची दारू?"

काकीने डबा जवळ ओढला. मधाची नाही, पण आमच्या परसात काका काजूच्या बोंडूंची दारू गाळायचा, चोरून. अबकारीवाल्यांनी धरलं तर तुरुंगच.

"आम्ही औषधाला विकतो," काकी म्हणाली.

"गाव कुठलं?" साहेबाने माझ्याकडे बघून विचारलं. परक्यासमोर माझं तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं, आणि गावाचं खरं नाव निघून गेलं. त्याने लिहून घेतलं. पैसे मागितले तेवढे दिले.

"घासाघीस केली नाय," बाहेर येताच काकी म्हणाली. "सरकारीच माणूस."

"पण त्याने एवढ्या मुलखांतले शब्द सांगितले."

"आणि दारूवर कसा आला ते बघितलंस, गो?"

परतीच्या मोटरीत सरकारी शिपायासारखा एक टोपीवाला होता. तो उतरेपर्यंत काकीने त्याच्याकडे मान वळवली नाही.

घरी आल्यावर तिने पायही धुतले नाहीत. परसात जाऊन दारू गाळायचं मडकं दगडावर आपटलं, बांबूची नळी चुलीत घातली. काका धावत आला. सगळं ऐकून त्याने विचारलं, "गावाचं नाव कुणी सांगितलं?"

मी दारात उभी होते. काकी नळी आत सारत म्हणाली, "मी."

महिना झाला. अबकारीवाले आले नाहीत. साहेब नुसते शब्दच गोळा करत होता, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मेदुस, मेट, म्योद, मीड मात्र पाठ झालेत. काका काकीशी बोलत नाही. "तिला सांग, जेवायला वाढ," असं मला म्हणतो. मी जाऊन सांगते.