पाण्यात हरवलेली काडी

चैत्र शुद्ध दशमी, १९५६. जवसाचे तेल गाळून बाटल्यांत भरायचे काम.

आमच्या भासऱ्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला नाही, असा एकही पातळ पदार्थ चांदा जिल्ह्यात नसेल. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आलापल्लीच्या लाकूड डेपोत उभा जन्म काढला आणि मार्कंड्याजवळ आमच्या घरी राहायला आले, ते एक पत्र्याची पेटी आणि कंपाउंडर मित्राने दिलेली काचेची काडी घेऊन. पाणी पिण्याआधी उजेडात, आंबील जेवणाआधी उजेडात, सरबत असले तर पाहुण्याच्या हातातला पेलासुद्धा काढून उजेडात. दूध त्यांना आवडे, पण त्यावर भरवसा नसे. "दुधाच्या पोटातलं दिसत नाई," म्हणायचे. "पाणी कसं, आरपार."

आमच्याकडे सुनेने भासऱ्यांशी थेट बोलायचे नसते, समोर उभेही राहायचे नसते. त्यामुळे बारा वर्षे आमचे बोलणे मांजरीमार्फत चालले. "मने, त्याईले सांग, भात निवून राह्यला," मी पदर ओढून दाराआडून म्हणायची. "मने, तिले सांग, तेल अजून वर चढून राह्यलं, मंग येतो," आतून उत्तर यायचे. या काळात मांजरी दोन झाल्या, नाव एकच राहिले. मनी बहुतेक वेळा झोपलेलीच असे. निरोप मात्र कधी चुकला नाही.

तेल वर चढायचे ते त्यांच्या खास पेल्यात. तळाला मध, त्यावर पळीच्या पाठीवरून हळू सोडलेले पाणी, त्यावर जवसाचे तेल. तिघे एकमेकांत न मिसळता थर धरून उभे राहत. मग ते त्यात एकेक वस्तू सोडत. मेणाची गोळी तेल ओलांडून पाण्यावर थांबे, तुरीचा दाणा पाणी ओलांडून मधावर बसे, खिळा थेट तळाला जाई. "ज्याचं वजन जसं, तिथं तो थांबते. माणसालेच तेवढं समजत नाई." आल्यागेल्या पाहुण्यांचीही ते अशीच जागा ठरवत. माझ्या आईला त्यांनी मधावर बसवले होते. तिला ते कौतुक वाटले, मीही तसेच राहू दिले.

पण हा नुसता रिकामा उद्योग नव्हता. जंगलातला मध विकायला येई तेव्हा सारे गाव आधी भासऱ्यांकडे येई. ते बाटलीत दाभण तिरके उभे करत. पाण्यात दाभण थोडे मोडल्यासारखे दिसते, मधात जास्त. कमी मोडले की, "पाणी घातलं हाय," आणि बाटली परत. त्यांनी पाहिल्याशिवाय तान्ह्या लेकराला कोणी मधाचे बोट चाटवत नसे. काचेची काडी मात्र मौजेसाठी होती. पाण्यात ती स्वच्छ दिसे, जवसाच्या तेलात बुडवली की जवळजवळ नाहीशी होई. "काच अन् हे तेल, उजेडाले दोघं सारखेच वाटते," असे सांगून ते मुलांना काडी शोधायला लावत.

तर दशमीला मी तेल भरत होते. खिडकीत त्यांच्या पिण्याचा पेला होता. सवयीने त्यांनी त्यात काडी घातली, पेला उजेडात धरला, फिरवला, डोळ्याजवळ नेला. मग म्हणाले, "मने, तिले सांग, पिण्याच्या पेल्यात तेल ठेवू नये. काडी गायब झाली."

पेल्यात माठातले पाणी होते. मीच भरले होते. काडी मला दारातून दिसत होती.

महिनाभरात त्यांनी तीन मधवाल्यांना "गढूळ हाय" म्हणून परत पाठवले होते. त्यातली एक म्हातारी मध निवळ असल्याची, झाडावरून मधाचे पोळे उतरवणाऱ्या नातवाची शपथ घेत होती. ते आठवले आणि मी हातातले फडके खाली ठेवले. मी आत गेले, पेला घेतला, अर्धे पाणी पिऊन टाकले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"भाऊजी, हे पाणी हाय. पाणी निवळ, पेला निवळ. मंग गढूळपणा कुठी हाय, ते तुम्हीच सांगा."

ते आधी मांजरीला शोधू लागले. ती चुलीपाशी होती. मग हात पुढे करून त्यांनी पेल्यातली काडी हलवली.

"माह्या डोळ्यात," म्हणाले. "बैलपोळ्यापासून."

"मंग बोलले काऊन नाई?"

"कोणाले बोलू? ह्याले सांगतलं तर हा रडत बसते." ह्याले म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि ते खरे होते. "राह्यली तू. तुले सांगाचं म्हणजे मांजरीले सांगाचं. मांजरीले कसं सांगू, मले दिसत नाई म्हणून?"

मी उरलेले तेल भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही मधवाल्यांना आम्ही परतल्यावर पुन्हा बाटल्या घेऊन यायचा निरोप धाडला, दशम्या बांधल्या, काचेची काडी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. मोतीबिंदू काढणारा डॉक्टर चांद्याला होता. नदी ओलांडून मूल गावावरून जाणारी मोटार धरली, भासऱ्यांना खिडकीशी बसवले, शेजारी मी बसले, आणि बाहेर काय काय दिसते ते त्यांना थेट चांद्यापर्यंत सांगत गेले.