कोचचा अकरावा ॲथलीट

कोच आमच्या घरात आडवा यायचा. सरळ आला तर त्याचे खांदे दाराच्या चौकटीत अडकत. आधी उजवा खांदा, मग पोट, मग डावा खांदा, असा हप्त्याहप्त्याने तो आत पोचेपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकटाउनमधला आमचा हा शेजारी एके काळी अमेरिकेत, त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, लाइनबॅकर होता. म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर झोपवण्याचा त्याला पगार मिळायचा. मला पॅरामॅटाच्या ऑफिसात कशाचा पगार मिळतो, हे माझ्या बायकोला अजून कळलेलं नाही.

त्याचं करिअर तीन मोसमांचं. "पहिल्यात बाकावर बसलो, दुसऱ्यात लोकांना झोपवलं, तिसऱ्यात गुडघा झोपला," एवढ्यात तो ते उरकायचा. मग तो ऑस्ट्रेलियन बायकोबरोबर इथे आला. ती वारल्यावर त्याला उरला तो त्याने काढलेला क्लब. शनिवारी पोस्टमन, प्लंबर आणि युनीची, म्हणजे युनिव्हर्सिटीची, पोरं जमवून तो त्यांना आपला खेळ शिकवायचा. सगळ्यांना 'ॲथलीट' म्हणायचा. मलासुद्धा! लग्नानंतर माझ्या शरीराबद्दल कुणी काढलेला तो एकमेव चांगला शब्द.

एका शनिवारी तो आला तो न हसताच.

"मेट, आज दहाच जण आहेत. अकरा नसले की सामना गेला. असे दोन गेलेत. आजचा गेला तर क्लब लीगबाहेर."

"अरेरे," मी म्हणालो.

"तू चल."

माझी बायको मेघना स्वयंपाकघरातून ओरडली, "कोच, ह्याला बटाटे आणायला पाठवलं तरी पाठ धरते ह्याची!"

"मला तो फक्त उभा हवाय, मॅम."

उभं राहणं मला येतं. मैदानावर जाऊन हेल्मेट चढवलं. त्यातून जग लेटरबॉक्सच्या फटीतून दिसावं तसं दिसत होतं. पहिले काही डाव मी कुणाच्याही वाटेत आलो नाही, हे मुद्दाम सांगतो. मग एक गडी माझ्यासमोर घसरून पडला आणि माझा बूट त्याच्या दंडाला लागला. आता पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, हे आईने अंगात इतकं मुरवलंय की समोर कोण आहे हे मी बघतच नाही. मी वाकलो. त्याच क्षणी बॉल घेऊन सुसाट येणारा त्यांचा हिरो माझ्या पाठीवरून कोलांटी खाऊन पलीकडे पडला. बॉल सुटला, आमच्या पोस्टमनने झडप घातली.

"काय टॅकल केलास, ॲथलीट!" कोच मैदानाच्या कडेला नाचत होता, त्या गुडघ्यावर.

आम्ही दणकून हरलो. पण सामना झाला आणि क्लब लीगमध्ये राहिला. पुढचे काही आठवडे मी शनिवारी मैदानावर उभा राहायचो आणि सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये आडवा शिरायचो.

मग एका रविवारी कोच आला. मेघनाने साबुदाण्याची खिचडी दिली. तीन बशा झाल्या, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. त्याची नजर दाण्याच्या कुटावर.

"मला काढलं ना," तो अचानक म्हणाला, "तेव्हा टीमचे साहेब फोनवर होते. कागद सरकवला, सही घेतली. मान वर केली नाही. गुडघ्याचं मला इतकं दुःख नाही. तेव्हाच ठरवलं, माणसाला काढायचं तर त्याच्या घरी जाऊन."

मी सहानुभूतीने मान डोलावत होतो. मेघनाने कपाळावर हात मारला. "अरे, तो तुला काढतोय!"

कोचचे कान लाल झाले. पण त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. "युनीतून तीन जण आलेत, मेट. तुला काढतोय."

ज्या खेळाचे नियम मला आजही माहीत नाहीत, त्यातून काढलं म्हणून मी, सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, डोळे पुसत बसलो. तो हलला नाही. माझं आवरेपर्यंत बसला आणि चौथी बशी मागितली.

गेल्या हिवाळ्यात कोच गेला. क्लब चालू आहे. मी पाण्याच्या बाटल्या भरतो. नवा कोच तरुण आहे, भला आहे. कुणाला काढायचं झालं की तो मेसेज टाइप करायला घेतो. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतो आणि त्या हातात गाडीची किल्ली ठेवतो.

"राहतो कुठे तो पोरगा?"