विश्रामदादांचं सपाट वळण

तार आली तेव्हा मी ती बराच वेळ उघडलीच नाही. शिपायाला पाणी दिलं, सही केली आणि अंगणात तसाच उभा राहिलो. विश्रामदादांकडची तार म्हणजे विमान पडलं, असंच मी धरून चाललो होतो. गेली काही वर्षं कुठलीही तार आली की माझ्या मनात आधी हेच यायचं. उघडली तर लिहिलं होतं, विषमज्वराने गेले. अंथरुणात. चाळिशीही गाठली नव्हती त्यांनी... आणि मला आधी हायसं वाटलं. त्याची लाज दीड महिना झाला तरी जात नाही.

दादा मूळचे जयगडचे. वडील गलबतावर तांडेल. दादा मात्र मुंबईला इंजिनांच्या कामाला लागले आणि तिथेच उडायला शिकले. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या हिवाळ्यात एका हौशी शेठजींचं दुहेरी पंखांचं विमान घेऊन ते रत्नागिरीला आले. गावाबाहेरच्या सड्याच्या माळावर धोंडे वेचून कातळ मोकळा केला आणि गावातल्या आम्हां तिघा पोरांना शिकवायला घेतलं. ते पुढच्या बैठकीत, शिकणारा मागे, मधे बोलायला रबरी नळी.

उंची न गमावता वळायचं, त्याला ते सपाट वळण म्हणत. विमान कलतं केलं की नाक खाली जाऊ बघतं. म्हणून हातातला दांडा किंचित मागे घ्यायचा, पायाने सुकाणूची साथ द्यायची आणि नाक क्षितिजावर ठेवायचं. पण आमच्याकडे पंचाईत अशी, की समुद्राकडे तोंड असेतो क्षितिज आखल्यासारखं सरळ. वळता वळता सह्याद्री समोर आला की त्याचे माथेच क्षितिज वाटू लागतात, आणि माणूस नाक तिथवर उचलतो. वेग मरतो, आणि वेग मेला की पंख विमान पेलत नाहीत.

एका सकाळी मी तेच केलं. दांडा हातात सैल लागला, डावा पंख एकदम कोसळला आणि भाट्याची खाडी खाली गरगरू लागली. पुढे पाहिलं तर दादांचे दोन्ही हात बाहेर, बैठकीच्या कडेवर!

"दांडा पुढे. उलटा पाय दे," नळीतून आवाज आला.

"दादा, तुम्ही घ्या! तुम्ही घ्या!"

"मी नाही घेत. दांडा पुढे कर म्हटलं ना!"

केला. खाडी थांबली, मग हळूहळू खाली सरली. मला रडूच फुटलं होतं. "आता पुन्हा डावीकडे वळ," ते म्हणाले.

उतरल्यावर ते शेपटामागे गेले. बराच वेळ येईनात म्हणून मी पाहायला गेलो, तर गुडघ्यांवर हात टेकून ओकत होते.

"घेतलं असतं, तर तू पुन्हा दांड्याला हात लावला नसतास," तोंड पुसत ते म्हणाले. "तिसऱ्या गिरकीला घेणारच होतो. दोनच झाल्या." मग म्हणाले, "रोज घाबरतो रे मी. तुम्हां प्रत्येकाबरोबर. कुठे बोलू नकोस."

मी कुठेच बोललो नाही. परवाना मिळाला, दादा मुंबईला परतले, पत्रं येत राहिली...

गेल्या आठवड्यात जयगडला जाऊन आलो. काकींनी, म्हणजे दादांच्या आईंनी, मला त्यांच्या खोलीत नेलं. खुंटीवर चामड्याचा कोट होता, अजून तेलाचा वास येणारा. काकी त्याच्याखालीच भिंतीला टेकून बसल्या.

"खरं सांग हां," त्या म्हणाल्या. "वर असताना तो घाबरायचा काय रे?"

कुठे बोलू नकोस, असं दादांनी बजावलं होतं. पण त्यांची नजर माझ्यावरून हलेना.

"रोज," मी म्हटलं.

त्या उठल्या, कोटाची मुडपलेली बाही हाताने सरळ केली.

"मला म्हणायचा, गो आई, बैलगाडीत बसल्यासारखंच असतं. मेल्याने एवढी वर्षं मला एकटीलाच घाबरत ठेवलं."