फादरांच्या कॉलेजात

अमरावतीतल्या फादरांच्या कॉलेजात मी चपराशी होतो. तिथल्या गोष्टी मी मुद्दाम जमवल्या नाहीत. रोज खोल्या झाडायचो, त्यात सापडत गेल्या. चार सांगतो.

*

भातकुलीहून नोकरी मागायला आलो तेव्हा कॉलेज म्हणजे मिशनच्या बंगल्यातल्या दोन खोल्या. आम्ही नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. परदेशातून आलेले प्रिन्सिपल फादर दारातच म्हणाले, “या, बसा. आपलं नाव?”

कोण साहेब आला म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं!

*

दिवाळीच्या सुटीत आठ दिवस फादर लोक प्रार्थनेसाठी मौन पाळत. पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलंच नाही. प्रिन्सिपल आणि लायब्ररीचे फादर एकमेकांशी बोलेनात. मला वाटलं, भांडले!

शेंदूरजन्याची संत्री आणली. अर्धी प्रिन्सिपलना दिली, “लायब्ररीवाल्या फादरनं पाठवली.” अर्धी तिकडे, “प्रिन्सिपलनं पाठवली.” दोघांनी मुकाट्यानं खाल्ली.

मौन सुटल्यावर दोघं एकमेकांचे आभार मानू लागले आणि माझी लबाडी उघडी पडली.

प्रिन्सिपल म्हणाले, “किसनराव, आमचं भांडण नव्हतंच!”

“मंग आता करूही नका, फादर. संत्री सरली!”

*

माझी सुमन आमच्याच कॉलेजात इंटर झाली. चपराशाच्या पोरीला फी माफ होती ती फादर लोकांच्याच कॉलेजात, आणि त्यांचं बी.ए. नागपूरला. पोरीला तिथे ठेवणं मला जमणारं नव्हतं. त्याच वर्षी, आम्हाला बी.ए.ची परवानगी द्यावी की नाही हे पाहायला विद्यापीठाची कमिटी आली.

प्रिन्सिपल फादरनी कारभाराचा इंग्रजी तक्ता करून घेतला होता. सर्वांत वर बिशप, मग संस्था, प्रिन्सिपल, प्राध्यापक, तळाला चपराशी. भिंतीवर लावला मी. उलटा!

अध्यक्ष मान वाकडी करून वाचू लागले. “काय हो फादर, तुमच्याकडे चपराशी सगळ्यांच्या वर?”

सुमनचं शिक्षण आपल्याच हातानं बुडवलं, असं वाटलं.

फादर शांतपणे म्हणाले, “सकाळी कॉलेज तेच उघडतात.”

अध्यक्ष खो खो हसले. महिन्याभरात परवानगी आली.

*

बी.ए.चा पहिला तास. शिकवायला स्वतः प्रिन्सिपल. पहिल्या बाकावर सुमन. मी बाहेर खिडकीशी उभा. तास संपायची वेळ केव्हाच टळली.

शेवटी फादर दारात आले. “किसनराव, घंटा?”

“फादर, पोरगी शिकून राहिली ना!”

फादरनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते काढून खिशात टाकलं आणि परत आत गेले.